भादरलेली डोकी, भांग पाडलेली डोकी

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. इयत्ता आठवी. मधल्या सुट्टीत चेंडू मारून व्हरांड्यातली काच त्याने फोडली, हे खरे. त्याने ते कबूलही केले. पण त्या दिवसानंतर शाळेत कुठेही काही फुटले, हरवले, तुटले की पहिले बोलावणे त्यालाच. शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव मागे पडले आणि 'काचवाला' एवढेच उरले. मुलावर शिक्का मारल्याने काय होते, या प्रश्नाचे उत्तर बी.एड.च्या परीक्षेत आम्ही दोन पाने भरून लिहिले होते. तरी त्याला वर्गात उभे करणारे आम्हीच होतो. वर्षअखेरीस प्रयोगशाळेतले कपाट फुटले, तेव्हाही तोच उभा राहिला. आठवड्याने कळले की ते काम दुसऱ्याच मुलाचे. इस्त्रीचा गणवेश, तेल लावून नीट पाडलेला भांग आणि वडिलांच्या शब्दाला शाळेत वजन. त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. एव्हाना आमचा 'काचवाला' मात्र खरोखरच दांडगाई करू लागला होता.

हा प्रसंग आठवला तो एका निराळ्याच वाचनामुळे. हनीफ कुरैशी या ब्रिटिश लेखकावर काही लिहावे म्हणून आम्ही पुस्तके जमवायला लागलो. त्यांचा १९८६ सालचा 'द रेनबो साइन' हा निबंध वाचताना एका जागी अडकलो. कुरैशींचे वडील मद्रासच्या घराण्यातले, आई इंग्रज. लंडनच्या उपनगरात वाढत असताना ते एका शाळासोबत्याच्या घरी जातात, तो त्याचे केस उतरवलेले, पायात जड बूट. कालचा मित्र आज स्किनहेड झालेला आहे आणि कुरैशींसारख्या पोरांना मारायला निघालेल्यांत सामील आहे. हा मित्र कोण होता, तो असा का झाला आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी, कादंबऱ्यांनी, पडद्याने त्याला कसे दाखवले, हे पाहता पाहता कुरैशींवरचा लेख बाजूला राहिला आणि हा लेख झाला.

स्किनहेड हा शब्द आपल्याकडे इंग्रजी चित्रपटांमधून आला आहे. भादरलेले डोके, गॅलिस, घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स, जाड तळव्याचे बूट आणि गोंदलेले स्वस्तिक. हे चित्र पाहिले की पुढचे काही सांगावे लागत नाही. आमचा मुद्दा याच चित्राविषयी आहे. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या बुटांनी कोणाच्या बरगड्या मोडल्या, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. पण हे चित्र फार सोयीचे ठरले. वंशद्वेषाला एक गणवेश मिळाला आणि ज्यांच्या अंगावर तो गणवेश नव्हता, ते सगळे आपोआप सुटले.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटनमध्ये कामगारांच्या पोरांच्या हातात प्रथमच थोडा पैसा खुळखुळू लागला. १९५० च्या दशकात लांब कोट घालणारे 'टेडी बॉय' आले. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले झाले, त्यात हे टेडी पुढे होते. मग १९६० च्या दशकात स्कूटरवरचे, टापटीप सुटातले 'मॉड' आणि मोटारसायकलवरचे, चामडी जाकिटातले 'रॉकर'. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी थंडीपावसाने कंटाळलेल्या पोरांत हाणामारी झाली, काही काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी देशातल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर जणू स्वारीच आणली. मग पुढच्या सुट्टीत मार्गेट आणि ब्रायटनला काय होणार याची भाकिते छापून आली. भाकिते वाचून पोरे जमली, पोलीस जमले, छायाचित्रकार जमले, आणि भाकिते खरी झाली.

या प्रकरणावर स्टॅन्ली कोहेन या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' हे पुस्तक लिहिले. समाज घाबरलेला असतो, त्याला आपल्या भीतीसाठी एक चेहरा हवा असतो, आणि प्रसारमाध्यमे तो पुरवतात, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. अशा चेहऱ्याला आपण 'लोकसैतान' म्हणू. कोहेन यांनी बातम्यांची भाषा तपासली आहे. एखादी होडी उलटलेली असली तरी बातमीत 'होड्या उलटवल्या' असे येते, हे त्यांचे निरीक्षण वाचून आम्हाला व्याकरणाचा तास आठवला. एकवचनाचे अनेकवचन करणे हे एवढे घातक असेल, असे आम्ही कधी शिकवले नव्हते.

कोहेन यांच्या पुस्तकाने अभ्यासाची दिशा बदलली, पण त्याचा विषय असलेल्या भांडणात दोन्ही बाजूंना गोरी इंग्रज पोरेच होती. लोकसैतानाच्या या कल्पनेची खरी परीक्षा स्किनहेडांपाशी होते, कारण इथे मार खाणारा तिसराच कोणी आहे.

स्किनहेड दिसू लागले ते १९६८-६९ च्या सुमारास. महागडे सूट शिवायला पैसे नसलेले, अधिक दणकट मॉड आणि जमैकाहून आलेल्या कुटुंबांतली 'रूड बॉय' म्हणवणारी काळी पोरे, या दोघांच्या सहवासातून ही फॅशन निघाली. बूट होते डॉक्टर मार्टेन्सचे. १९६० मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले ते कामकऱ्यांचे पादत्राण म्हणून. म्हणजे पोरांनी वेष घेतला तो आपल्या बापाचा, गोदी कामगाराचा. फक्त तो जरा चढवून घेतला. आणि नेमक्या याच काळात बापाचे काम चालले होते. लंडनची ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये बंद झाली, सेंट कॅथरिन १९६८ मध्ये, लंडन डॉक १९६९ मध्ये. जुन्या चाळीवजा घरांच्या ओळी पाडून उंच इमारती उभ्या राहत होत्या. शेजार मोडला, कोपऱ्यावरचे दुकान गेले, पबमधली बैठक उठली. बर्मिंगहॅम विद्यापीठाशी जोडलेल्या अभ्यासकांच्या मांडणीत, हरवलेली वस्ती निदान अंगावर तरी घालावी, असा हा प्रयत्न होता. आम्हाला हे म्हणणे पटते. मात्र ते इथेच थांबले तर अपुरे आहे.

कारण ही पोरे नाचत होती ती जमैकाच्या संगीतावर. १९६९ च्या एप्रिलमध्ये डेस्मंड डेकर या जमैकन गायकाचे गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ट्रोजन या कंपनीच्या रेगे तबकड्या विकत घेणाऱ्यांत स्किनहेडांचा वाटा मोठा होता. म्हणूनच पुढे अनेक भल्या माणसांनी, यात जुने स्किनहेडही आले आणि काही काळे कलावंतही आले, असे सांगितले की मुळातला स्किनहेड वंशवादी नव्हता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशनल फ्रंट या पक्षाने त्याला बिघडवले. या म्हणण्यात अर्धी हकीकत आहे. उरलेली अर्धी अशी की 'पाकी-बॅशिंग' हा शब्द ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत रुळला तो १९६९-७० मध्ये, म्हणजे मुळातल्या स्किनहेडांच्याच काळात. काळ्या पोराशी संगीताचे, नाचघराचे, रस्त्यावरच्या दांडगाईचे नाते जुळले होते. उपखंडातून आलेला माणूस मात्र वेगळा. तो नाचायला येत नाही, त्याची भाषा कळत नाही, रात्रपाळी करतो, कमाई गावी पाठवतो, मार खाऊन गप्प बसतो. कोणाशी नाचावे आणि कोणाला मारावे, हे एकाच पोराने एकाच शनिवारी ठरवलेले होते.

या शब्दापाशी उर्दूच्या मास्तराला क्षणभर थांबावेच लागते. 'पाक' म्हणजे शुद्ध, निर्मळ. नमाजाआधी जागा पाक आहे ना, हे आपण पाहतो. त्या शब्दाची लंडनच्या रस्त्यावर शिवी झाली. आणि ती कोणाला बसली? सिल्हेटच्या बंगाली खलाशाला, जालंधरच्या शीख कामगाराला, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती दुकानदाराला. पाकिस्तान ज्यांनी नकाशावरही पाहिला नव्हता, तेही त्यात आले. शिवी देणाऱ्याला भूगोल येत नसतो.

एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली या, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाचा रात्री घरी परतताना खून झाला. त्याच सुमारास स्किनहेड हा शब्द मथळ्यांत स्थिरावला. वर्तमानपत्रांना बूट फार आवडले. फुटबॉलच्या मैदानाबाहेर पोलीस पोरांच्या बुटांच्या नाड्या काढून घेत, त्याची छायाचित्रे छापून येत. बुटांचा आकार, केसांची लांबी, गॅलिसची रुंदी, सगळे तपशिलात. बुटाखालच्या माणसाचा तपशील मात्र सहसा एका ओळीत आटोपत असे: एक पाकिस्तानी इसम. तो कुठल्या गिरणीत होता, घरी कोण होते, पोलिसांकडे गेल्यावर त्याला काय ऐकावे लागले, यात कोणाला रस नव्हता. सैतानाला ठळक करताना मार खाणारा पुसट होतो, हा या चित्रणातला पहिला दोष.

दुसरा दोष अधिक खोल आहे. लँकशायरमधल्या एका कापडगिरणीच्या गावात झालेल्या अशा हल्ल्यांवर जेफ्री पिअर्सन यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिरण्या मोडीत निघत होत्या. उरलेली यंत्रे रात्रंदिवस चालवायला स्थलांतरित कामगार रात्रपाळीला लावले जात होते. गावातल्या गोऱ्या पोरांना समोर दिसत होता तो रात्रपाळीचा माणूस. मालकाचा हिशेब दिसत नव्हता. याच परगण्यात पूर्वी यंत्रमाग फोडणारे विणकर होऊन गेले, त्यांच्याशी पिअर्सन या पोरांची तुलना करतात. तुलना धाडसी आहे आणि आम्हाला ती पूर्ण मानवत नाही. यंत्राला हाड नसते, घरी वाट पाहणारी बायको नसते. तरी एक गोष्ट त्यातून दिसते. या पोरांनी स्थलांतरितांविषयीचा राग स्वतः शोधून काढला नव्हता; तो त्यांना तयार मिळाला होता.

तो तयार करणाऱ्यांची डोकी भादरलेली नव्हती. २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले. पॉवेल ग्रीक भाषेचे पंडित, माजी मंत्री, सदैव नीटनेटक्या सुटात. भाषणानंतर त्यांना पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून काढले, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ गोदी कामगारांनी मोर्चा काढला. उद्याच्या स्किनहेडांचे बाप त्यात असतील. पण त्याही आधी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, मजूर पक्षाच्या सरकारने केनियातल्या आशियाई वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी कायदा घाईघाईने संमत केला होता. या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. १९७१ च्या कायद्याने ज्याचा बाप-आजा ब्रिटनमध्ये जन्मला त्याला एक दार आणि इतरांना दुसरे, अशी सोय केली. १९७९ मध्ये एक प्रकरण उघडकीस आले. लग्नासाठी भारतातून आलेल्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली होती. हे काम बूट घातलेल्या टोळक्याने केले नव्हते. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टराने आणि शिक्क्याचा कागद हाती असलेल्या अधिकाऱ्यांनी केले होते.

त्याच १९७९ मधली आणखी एक तारीख आम्हाला विसरता येत नाही. २३ एप्रिलला लंडनच्या साउथॉल या आशियाई वस्तीत नॅशनल फ्रंटने निवडणुकीची सभा ठेवली. तिच्या विरोधात जे जमले त्यांत ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शाळामास्तर होता. डोक्यावर फटका बसून तो मेला. पोलिसांच्या स्वतःच्याच चौकशीने हा फटका जवळजवळ नक्की एका पोलिसाचा होता असा निष्कर्ष काढला होता, पण तो अहवाल लोकांसमोर आला २०१० मध्ये, ३१ वर्षांनी. कोणावरही खटला झाला नाही. स्किनहेड विरुद्ध आशियाई या ठरलेल्या चित्रात हा मृत्यू कुठे बसवायचा?

आदल्या वर्षी, ४ मे १९७८ ला, व्हाइटचॅपलमध्ये अलताब अली हा शिवणकाम करणारा तरुण कामावरून घरी जाताना मारला गेला. मारणारी तीन किशोरवयीन पोरे होती. त्यांना स्किनहेड म्हणण्याचा मोह होतो, पण आम्ही तो आवरतो, कारण केसांवरून द्वेष मोजण्याचीच ही सवय आम्हाला मोडायची आहे. दहा दिवसांनी हजारो बंगाली माणसे त्याच्या शवपेटीमागून पावसात चालत पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेली. 'मार खाऊन गप्प बसणारा' हे चित्र त्या दिवशी फाटले. जिथे तो पडला, त्याच्या शेजारच्या बागेला १९९८ मध्ये त्याचे नाव मिळाले.

जुलै १९८१ मध्ये साउथॉलमध्ये हँबरो टॅव्हर्न या पबात स्किनहेडांच्या आवडत्या 'ऑय' संगीताचा कार्यक्रम झाला. बसगाड्यांतून आलेल्या काही श्रोत्यांनी वाटेत आशियाई दुकाने फोडली आणि त्या रात्री आशियाई तरुणांनी तो पब जाळला. पुढे काही वर्षे स्किनहेड म्हणजे नाझी हे समीकरण पक्के झाले. त्याला आधारही होता. नॅशनल फ्रंट फुटबॉलच्या मैदानांवर आणि गाण्याच्या कार्यक्रमांत या पोरांना भरती करतच होती. पण भादरलेले डोके म्हणजे वंशवादी, असे पेपरात रोज छापून येऊ लागले, तेव्हा वंशवादी पोरांनाही कळले की आपला गणवेश कोणता. ज्यांना ते नको होते त्यांनी केस वाढवले. उरले ते बहुतांशी चित्राबरहुकूम. आमचा 'काचवाला' इथे आम्हाला पुन्हा भेटला.

आता या माणसाला कथेत आणि पडद्यावर कसे उभे केले, ते पाहू. चार कलाकृती आम्ही निवडल्या आहेत.

पहिली, 'स्किनहेड' ही १९७० ची कादंबरी. लेखकाचे नाव छापले आहे रिचर्ड ॲलन. खरा लेखक जेम्स मॉफट, कॅनडात जन्मलेला, पन्नाशीकडे झुकलेला, झरझर लिहून देणारा व्यावसायिक. नायक जो हॉकिन्स सोळा वर्षांचा. तो मारतो, बलात्कार करतो, मिरवतो. वर पोरांना आता शिस्तच हवी, असा सूर. म्हणजे पानभर हिंसेची चव द्यायची आणि शेवटी नाक मुरडायचे. पुस्तक तुफान खपले, पुढचे भाग निघाले, आणि शाळकरी पोरे ते स्किनहेड कसे व्हावे याची मार्गदर्शिका म्हणून वाचू लागली. वर्तमानपत्रांनी जे मथळ्यांत केले तेच मॉफटने कादंबरीत केले. वाङ्मय म्हणून यात थांबण्यासारखे काही नाही.

दुसरी, ॲलन क्लार्क दिग्दर्शित, डेव्हिड लेलंड लिखित 'मेड इन ब्रिटन' हा १९८२ चा दूरचित्रपट. शिक्षणव्यवस्थेवरच्या चार नाटकांपैकी हे एक, त्यामुळे शिक्षकांनी तरी पाहावेच. टिम रॉथ या नटाची ही पहिली भूमिका. ट्रेव्हर सोळा वर्षांचा, हुशार, कपाळावर स्वस्तिक गोंदलेले. सुधारगृहाचा एक अधिकारी फळ्यावर खडूने ट्रेव्हरचे पुढचे आयुष्य काढून दाखवतो: शाळा, बेकारी, चोरी, तुरुंग, पुन्हा बेकारी, पुन्हा तुरुंग. वर्तुळ पूर्ण होते. त्या वर्तुळातून बाहेर जाणारी रेघ फळ्यावर नाही. मुलाला त्याचे नशीब इतक्या नेटक्या अक्षरात लिहून दाखवणारा तो माणूस क्रूर नाही. आपल्यासारखाच आहे, आणि म्हणून ते दृश्य अंगावर येते. व्यवस्थेकडे बोट दाखवण्याचे धाडस या चित्रपटात आहे. पण त्यातला एक अभाव आम्हाला सलतो. ट्रेव्हरवरचा खटला शाहनवाज नावाच्या माणसाच्या खिडकीतून वीट मारल्याचा आहे. हे नाव कानावर पडते. माणूस कथेत येत नाही. वीट कोणी आणि का मारली हे कळायला सगळा चित्रपट मिळतो. काचेच्या आत झोपलेल्यांना काही मिनिटेही नाहीत.

तिसरी, 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' (१९८५). पटकथा कुरैशींची, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्स यांचे, पैसा चॅनल फोरचा. ओमर हा पाकिस्तानी घरातला मुलगा काकाची धुलाई चालवायला घेतो आणि जुन्या शाळासोबत्याला, जॉनीला, हाताशी धरतो. दोघांत प्रेम आहे, शारीरही. जॉनीचे डोके आता भादरलेले नाही, पण तो फॅसिस्टांच्या मोर्चात चालला होता, आणि ओमरच्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. हे वडील एके काळी मुंबईत गाजलेले डावे पत्रकार. आता रेल्वेमार्गाला लागून असलेल्या खोलीत दारूच्या बाटलीसह पडून असतात. रोशन सेठ यांनी ते केले आहेत. शेवटाकडे ते रात्री धडपडत धुलाईच्या दुकानात येतात आणि जॉनीला विनवतात, की माझ्या मुलाला या धंद्यातून काढ, त्याला कॉलेजात पाठव. आपल्याविरुद्ध मोर्चात चाललेल्या पोराकडे एक म्हातारा आपल्या मुलाचे शिक्षण मागतो. मारणारा आणि मार खाणारा एका चौकटीत, एकमेकांची नावे ठाऊक असलेले, एकमेकांचे देणेकरी. आम्ही पाहिलेल्या सगळ्या चित्रणांत हे दृश्य आम्हाला सर्वांत खरे वाटले.

कुरैशी आपल्या बाजूलाही सोडत नाहीत. ओमरचा काका भाडेकऱ्यांना रस्त्यावर काढतो, आणि एका पाकिस्तानी कवीला खोलीबाहेर घालवायला जॉनीलाच वापरतो. नातेवाईक सलीम अमली पदार्थ आणवतो. यावरून न्यूयॉर्कमध्ये काही पाकिस्तानी मंडळींनी चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली. त्यांचे दुःख आम्हाला कळते. ज्याची प्रतिमा सतत मलिन केली जाते, त्याला निदान आपल्या माणसाने तरी स्वच्छ दाखवावे असे वाटते. दाढी-टोपी दिसली की कॅमेरा कसा वळतो, हे आम्हीही पाहतो. पण स्वच्छ प्रतिमा हीसुद्धा प्रतिमाच. सैतानाच्या जागी फरिश्ता ठेवला, तरी माणूस बाहेरच राहतो.

चौथी, शेन मेडोज यांचा 'धिस इज इंग्लंड' (२००६). काळ १९८३. बारा वर्षांच्या शॉनचा बाप फॉकलंडच्या युद्धात मेलेला. शाळेत छळ सोसणाऱ्या या पोराला वूडीची स्किनहेड टोळी जवळ करते. ही टोळी प्रेमळ आहे, तिच्यात मिल्की हा जमैकन वंशाचा मुलगाही आहे. मग तुरुंगातून कॉम्बो येतो आणि टोळी फुटते. कॉम्बो शॉनला नॅशनल फ्रंटच्या सभेला नेतो. तिथे बोलणारा नेता सुटात आहे. तो भाषण करून निघून जातो, आणि हत्यार हाती घेतात ती पोरे. आमचा मुद्दा मेडोज यांनी त्या एका प्रसंगात दाखवला आहे. शेवटी कॉम्बो मिल्कीला बेदम मारतो, कारण मिल्की आपल्या भरल्या घराविषयी बोलतो आणि कॉम्बोला घर नाही. स्टीफन ग्रॅहम यांचा अभिनय असा, की मारणाऱ्याची कीव यावी. चित्रपट मोठा आहे यात वाद नाही.

तरी तक्रार आहे. आधी सगळे गोड होते, मग एक बाहेरचा येऊन विष कालवतो, ही मांडणी त्या 'मुळात निष्पाप' स्किनहेडाच्या कहाणीतून आली आहे. शिवाय टोळीत जागा आहे ती काळ्या मिल्कीला. आशियाई माणूस आहे तो गल्ल्यामागचा दुकानदार, संधू. त्याला धमकावले जाते, लुटले जाते आणि कथा पुढे सरकते. मिल्कीच्या वेदनेला चेहरा आहे, कारण तो मित्र होता. संधूला दुकान आहे. १९७० च्या बातमीतला 'एक पाकिस्तानी इसम' इथे फक्त नाव घेऊन आला आहे.

कोणी विचारील, स्किनहेडांचा काळ सरला, आता हे उकरून काय मिळवायचे? एप्रिल १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या विद्यार्थ्याचा लंडनमध्ये बसथांब्यापाशी खून झाला. पोलिसांनी तपासात जी हयगय केली, तिच्या चौकशीनंतर १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीसखात्यात 'संस्थात्मक वंशवाद' असल्याचे नोंदवले. द्वेषाला गणवेश लागत नाही, आणि लागलाच तर तो सरकारीही असू शकतो, हे त्या देशाने अधिकृत कागदावर मान्य केले. पुढे जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींचा खून झाला. मारणारा मुसलमान निर्वासित आहे ही खोटी अफवा फोनवरून पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर दगडविटा पडल्या. पुढचे काही दिवस ठिकठिकाणी दंगली झाल्या. न्यायालयात उभ्या राहिलेल्यांत बारा वर्षांची पोरे होती आणि साठी ओलांडलेले आजोबाही होते. कपडे रोजचेच. ओळखायला बूट नव्हते.

म्हणून समीक्षकाने अशा चित्रणाला तीन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. मारणारा असा का झाला? मार खाणारा कोण होता? आणि राग तयार करून देणारा त्या वेळी कुठे होता? वर्तमानपत्रांनी या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर दिले नाही. 'मेड इन ब्रिटन' पहिल्याचे देते. 'धिस इज इंग्लंड' पहिल्याचे आणि तिसऱ्याचे काही. तिन्ही प्रश्नांना भिडतो तो एकटा 'लाँड्रेट', आणि तोही फॅसिस्टांच्या मोर्चात चाललेल्या पोराला माणूस मानून. मार खाणाऱ्यांच्या घरातल्या लेखकाने हे करावे, याचे मोल आम्हाला मोठे वाटते. कुरैशींनी त्या शाळासोबत्याला माफ केले की नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी त्याला विसरण्याचे नाकारले, आणि नुसते डोके पाहून ओळखण्याचेही.

आमच्या त्या मुलाने दहावीच्या आधीच शाळा सोडली. गेल्या ईदला बाजारात भेटला. गॅरेजात कामाला आहे. "सर, सलाम," म्हणाला आणि लगेच हसून, "आता काचा बसवतो, गाड्यांच्या." आम्हीही हसलो. घरी येईपर्यंत त्याचे खरे नाव आठवत राहिलो. आठवले, पण फार उशिरा.